सुलटा कोट

गळ्यावर वस्तरा असताना माणसाने दचकू नये एवढी अक्कल त्याला होती, म्हणून तो दचकला नाही. फक्त पांढऱ्या कापडाखाली खुर्चीच्या हातांवर त्याची बोटं आवळली गेली. समोरच्या आरशात त्याचा अर्धा फेसाळ चेहरा होता, चेहऱ्यामागे भिंत, भिंतीच्या कोपऱ्यात टीव्ही आणि टीव्हीत मंत्री. आरशातल्या मंत्र्याचा भांग भलत्याच बाजूला पडला होता. आवाज मात्र जसा यायचा तसाच येत होता. "माझी आई," मंत्री म्हणत होते, "कात्री वरच्या फळीवर ठेवायची. आम्ही दोघं भावंडं. घरभर हिंडायचो, ओरडायचो, भिंतींवर रेघोट्या मारायचो, कोणी अडवलं नाही. फक्त," इथे ते थांबले, "कात्री वर. म्हणून माझ्या आईला कोणी जुलमी म्हटलं नाही. आमची बोटं आज जागच्या जागी आहेत ती त्या फळीमुळे. शब्दही कापतात. आम्ही ते काढून घेत नाही, वर ठेवतोय एवढंच. ज्याला हवेत त्याने मागावेत." 'फक्त'नंतरचा तो थांबा त्याने ओळखला. शब्द एक वेळ कोणाचेही जुळतील. आया सगळ्यांना असतात, फळ्याही असतात. पण तो थांबा त्याचा होता. वर्गात तो नेमका तिथे थांबायचा, खडू टेबलावर ठेवायचा आणि मगच पुढचे दोन शब्द बोलायचा. मंत्र्यांच्या हातात खडू नव्हता, एवढाच काय तो फरक.

"बरोबर बोलतोय की नाही, सर?" वस्तरा पुसत न्हावी म्हणाला. हा न्हावी गेली कित्येक वर्षं त्याची मतं ऐकत आला होता. मोठ्या माणसाने काय वाचावं, काय प्यावं, कोणाशी लग्न करावं, मोटारसायकलवर डोक्यात काय घालावं, यात सरकारने नाक खुपसू नये. ज्याचं त्याने बघावं. न्हावी दर वेळी "हो सर" म्हणायचा, पण ते दुसऱ्याचं डोकं हातात असलेल्या माणसाचं "हो सर" असायचं. आज पहिल्यांदाच त्याचा आवाज आतून आला. "तुमचं मी इतकी वर्षं ऐकतोय. पटत नव्हतं असं नाही, पण घरी जाईपर्यंत विसरायला व्हायचं. हे बघा, कसं थेट घुसलं. माझी आईपण कात्री वरच ठेवायची. आता मीच दिवसभर कात्री घेऊन उभा असतो ते सोडा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. खुर्चीतल्या माणसाने हसायला तोंड उघडलं, पण साबणाची चव लागली म्हणून मिटलं. त्याला सांगायचं होतं, अरे, ती आई माझी आहे. कापड निघालं तसा तो उठला, तोंड जेमतेम पुसलं, खुंटीवरचा कोट काढला, बाह्यांत हात घातले आणि दाराकडे निघाला. "सर, अहो सर, जरा इकडे," न्हावी मागून म्हणाला. त्याला वाटलं वाद अजून संपलेला नाही. वाद घालायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. दाराची घंटी वाजली आणि तो रस्त्यावर आला.

रस्त्यावर ऊन होतं, दुकानांची शटरं वर जात होती, एक बाई पाइपने फूटपाथ धूत होती. सगळं कसं जिथल्या तिथे होतं, आणि त्याचाच त्याला राग आला. पायाखालची जमीन सरकते म्हणतात. सरकली असती तर बरं, काहीतरी घडलं असं तरी वाटलं असतं. त्याने मुद्द्यांचा कागद काढायला खिशाकडे हात नेला. खिसा सापडला नाही. हात दोनदा चाचपडला आणि त्याने तो नाद सोडला, कारण कागदावर काय आहे ते त्याला पाठच होतं. मंत्री ज्याची बाजू घेत होते त्याच कायद्यावर आज अकरा वाजता जाहीर सुनावणी होती. त्याच्यासाठीच तर दाढी. सार्वजनिक जागेत काहीही बोलायचं, वाचायचं, सादर करायचं, तर मजकूर आधी दाखवून परवाना घ्यायचा, असा तो कायदा, आणि विरोधात बोलणाऱ्यांत हा कायद्याचा प्राध्यापक पहिला. डावे त्याला उजवा म्हणायचे, उजवे डावा म्हणायचे आणि विद्यापीठातले सगळे मिळून मोकाट म्हणायचे. विद्यार्थीही मागे मोकाटसर म्हणायचे, हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही. आवडत्या पुस्तकावर बंदी आली की आपापली माणसं ओरडतात. हा नावडत्या पुस्तकासाठीही ओरडायचा, त्यामुळे त्याच्याशी कोणाचंच फार काळ जमायचं नाही. एकट्या धाकट्या बहिणीचं जमलं. तिला त्याची तत्त्वं ठाऊक नव्हती. ती तशी जगायची, एवढंच. लग्न नको म्हणाली, नोकरी नको म्हणाली, आणि एका जुन्या गोदामात छोटं नाट्यगृह काढून बसली. तिथे दर गुरुवारी संध्याकाळी मंच रिकामा ठेवायचा. ज्याला वाटेल त्याने चढावं, नाव सांगू नये, बोलावं आणि उतरावं. एकाने एकदा नुसते पाढे म्हटले होते. एका बाईने साहेबाला, म्हणजे हजर नसलेल्या साहेबाला, असं झोडपलं की तिची तीच दमून खाली बसली. एक म्हातारा चढला, बराच वेळ उभा राहिला आणि "बरं वाटलं" म्हणून उतरला. आता त्या म्हाताऱ्याचा मजकूर आधी कोणाला दाखवायचा? कायदा झाला की आधी गुरुवार बंद, गुरुवार बंद झाला की गोदाम बंद, आणि गोदाम बंद झालं की धाकटीचं काय होईल, हा विचार तो पुढे नेत नव्हता. "दादा, तू बोल. तुला बोलता येतं," एवढंच ती म्हणाली होती.

बोलता येतं हे खरं. इतकं येतं की दोन्ही बाजूंनी येतं, आणि आजची सगळी गोम तिथेच होती. दर वर्षी तो एक उलटा तास घ्यायचा. त्या दिवशी कोट उलटा घालून वर्गात यायचा, अस्तर बाहेर, शिवणी बाहेर, आणि स्वतःला ज्याची चीड आहे ती बाजू जीव तोडून मांडायचा. बंदी का हवी, पहारा का हवा, परवाना का हवा. जुलमाचा वकील मूर्ख असतो असं समजून जगात गेलात तर पहिल्याच दिवशी तोंडघशी पडाल, असं तो म्हणायचा. मुलं कोट बघूनच टाळ्या वाजवायची. मग दुसऱ्या दिवशी कोट सुलटा, आणि कालच्या सगळ्या युक्तिवादाची सालं काढायची. कात्री आणि फळी ही त्या उलट्या तासातली हुकमी गोष्ट. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर ठरलेलं असायचं: आई आपल्या लेकराला ओळखते, सरकार कोणालाच ओळखत नाही; लेकरू वाढलं की आई कात्री खाली आणते, सरकारला तुम्ही कधीच मोठे झालेले दिसत नाही. आणि एका वर्षी तो दुसरा दिवस आलाच नाही. उलट्या तासाच्या त्याच संध्याकाळी आई गेली. तो परतला तेव्हा परीक्षा लागल्या होत्या. त्या मुलांना अर्धंच मिळालं, हे त्याच्या तेव्हाही लक्षात आलं होतं. तेवढ्याने काय होतंय, असं तेव्हा वाटलं होतं.

फोन वाजला. धाकटी. "दादा, टीव्ही बघितलास? आपल्या आईची कात्री त्या माणसाकडे कशी गेली रे?" आवाजात हसू होतं; तिला अजून पुरतं कळलं नव्हतं. त्याने तुटक तुटक सांगितलं: वर्ग, उदाहरण, कोणीतरी विद्यार्थी. पलीकडे बारीक 'खट्' आवाज झाला. गाडीवर बसण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावत असावी. ही बाई कायद्याला न विचारता हेल्मेट घालायची. मग म्हणाली, "पण ते कसलं उदाहरण? मी तर कात्री रोज घ्यायचे."

"रोज? कशी?"

"स्टूल असायचं ना खाली. ते बसकं, लाकडी. आई दुपारी पडायच्या आधी पायाने सरकवत फळीखाली आणून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटायचं चुकून. मोठी झाल्यावर कळलं, बाई मुद्दाम ठेवायची. बाहुलीचे पहिले कपडे मी तसेच कापले. पहिला पडदासुद्धा. आईचा परकर होता तो." ती पुन्हा हसली. "कधीकधी स्टूल नसायचंच तिथे. मग सगळी दुपार फुकट. चल, निघते मी. तू हो पुढे."

फोन बंद झाला तरी त्याने तो कानाला तसाच धरला होता. स्टूल. त्याला फळी आठवत होती, तिच्यावरची कात्री आठवत होती, लोखंडी, जाड, अंगठ्याच्या जागी घासून उजळ झालेली. आयुष्यभर वर्गात त्याने ती वरच पाहिली होती, खालून. स्टूल मात्र त्याच्या गोष्टीत कधी नव्हतं. एका घरात, एका दुपारी, एका भिंतीखाली दोघं भावंडं वाढली, आणि एकीला स्टूल दिसलं, दुसऱ्याला फळी. त्याला त्या स्टुलाचं रूप आठवेना, पण का कोण जाणे, वजन आठवलं. तळहाताला काहीतरी टोचल्यासारखं झालं. समोरून येणाऱ्या दोन मुली त्याच्याकडे बघून एकमेकींकडे बघत हसल्या. त्याला वाटलं कानाशी साबण राहिला असेल. त्याने कान पुसला.

सुनावणीच्या इमारतीत लांब कॉरिडॉर होता, दोन्ही बाजूंना बाकं, आणि बाकांवर लोक आपापले कागद मांडीवर घेऊन ओठ हलवत बसलेले. त्यातून एक जण फायली काखेत मारून लगबगीने पुढे आला. बारीक अंगाचा, तेव्हाही असाच होता. वर्गात प्रत्येक मुद्दा नेमका टोचून ठेवायचा म्हणून सगळे त्याला टाचणी म्हणायचे. अर्ध्यावर राहिलेल्या त्या वर्गातलाच. आता मंत्र्यांच्या कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहायचा. "सर! ऐकलंत का सकाळी?" मार्क कळायला आलेल्या मुलाचा चेहरा होता तो. "साहेबांना तो थांबा शिकवायला मला आठवडा लागला. ते आपले धावतच सुटायचे."

"अरे, पण तो उलटा तास होता," तो म्हणाला. रागवायचं होतं, पण आवाज विनवणीचा निघाला. "ते माझं मत नव्हतं. तुला माहीत आहे. उलटा तास होता तो."

टाचणी अदबीने हसला. "नाही सर. उलट्या तासाला कोट उलटा असायचा. त्या दिवशी सुलटा होता."

"काय?"

"सुलटा होता, सर. सगळ्या वर्गाने पाहिलं. आधी आम्हाला वाटलं, विसरलात. मग तुम्ही बोलायला लागलात." त्याने फायली या काखेतून त्या काखेत घेतल्या; तो खरंच हळवा झाला होता. "एरवी तुम्ही शिकवायचात. त्या दिवशी तुम्ही बोललात. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. मोकळं सोडणं कधीकधी नुसती बेपर्वाई असते, म्हणालात. ज्याच्यावर जीव आहे त्याला अडवावंच लागतं, म्हणालात. तोवर मी पण तुमच्यासारखाच मोकाट होतो, माफ करा हं, आम्ही म्हणायचो तसं. त्या दिवशी मला सरांचं खरं मत कळलं."

"दुसऱ्या दिवशी मी त्याचं उत्तर देणार होतो."

"दिलं असतंत का, सर?" टाचणीने विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता. त्याला उत्तर हवं होतं. मग त्याची नजर सरांच्या खांद्यावरून खाली गेली आणि चेहऱ्यावरचा ताण उतरला. "असो. तुम्हाला पाहिलं आणि जिवात जीव आला. विरोधकांच्या यादीत तुम्ही होतात, मला धाकधूक होती." आत कोणीतरी बेल वाजवली आणि तो लगबगीने निघून गेला.

खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, लाल दिव्याचे माइक, आणि मधोमध अध्यक्षबाई, पांढरे आखूड केस, चष्मा नाकाच्या टोकावर. तो पुढच्या रांगेत बसला. बोलणारे बोलत होते आणि त्याच्या कानात एकच वाक्य वाजत होतं: सुलटा होता, सर. असेल. असणारच. त्या सकाळी तो घरून आलाच नव्हता, दवाखान्यातून आला होता. आईला नाकात नळी होती आणि ती उपटायची. दोनदा उपटली, तेव्हा नर्सने मऊ पट्ट्या आणल्या आणि विचारलं, हात बांधू का? नर्सला विचारायची घाई होती, त्याला उत्तराची नव्हती, तरी त्याने होकाराची मान हलवली. कोणाचंही शरीर त्याच्या मर्जीविरुद्ध धरू नये, हे लिहून, बोलून, शिकवून ज्याचे केस पिकले होते, त्याने मान हलवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पट्ट्या बांधताना आई धडपडली नाही. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ती कुठेतरी पाहिलेली नजर होती, हे त्याला तेव्हाही जाणवलं होतं, आणि कुठे ते आठवलं नव्हतं. मग तो कोट चढवून थेट वर्गात गेला आणि बोलला. कोट उलटा करायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. आणि का यावं? त्या दिवशी मांडायला उलटी बाजू होतीच कुठे? जे बोलला ते त्याला तेव्हा पटलेलं होतं, कारण ते खरं नसतं तर त्या पट्ट्यांचं काय करायचं? म्हणून डोळ्यांत पाणी. म्हणून ते टाचणीला लागलं, टाचणीकडून मंत्र्यांना, मंत्र्यांकडून न्हाव्याला. इतकी वर्षं खरेपणाने सांगितलेलं घरी जाईपर्यंत विसरायचे, आणि हे मात्र घरोघर पोचलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटी येऊन बसली होती. तिने दुरूनच हेल्मेट उंचावून दाखवलं.

"कायद्याचे प्राध्यापक," अध्यक्षबाई म्हणाल्या. तो उठला. माइकचा लाल दिवा लागला. हात पुन्हा खिशाकडे गेला, पुन्हा खिसा सापडला नाही, आणि कागदाशिवाय तो उभा राहिला. आई म्हणजे सरकार नव्हे, हे पहिलं वाक्य तोंडाशी आलं, आणि लगेच त्याच दिवसाचा त्याचाच आवाज म्हणाला, खरंय, पण आई नाही म्हणून लेकरू टाकून द्यायचं का? फळीवर काय ठेवायचं ते कोण ठरवणार, हे दुसरं. त्यावर आवाज म्हणाला, कोणीतरी ठरवतंच, ठरवायचं नाही हेही ठरवणंच. घरचीच कुऱ्हाड, तिला धारही त्यानेच लावलेली. बाई वाट बघत होत्या. समोरच्या बाजूला टाचणी पेन उघडून बसला होता. तो टेबलाच्या कडेला हात टेकायला वाकला, लाकडाला एक बारीक कुसळ होतं, ते तळहाताला टोचलं, आणि स्टूल आलं. सगळंच्या सगळं आलं. बसकं, तीन पायांवर धड आणि चौथ्यावर डुगडुगणारं, खालच्या आडव्या काठीला कुसळ. तो ते दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालला होता. आई भिंतीकडे तोंड करून झोपलेली. फळीखालून उचलायचं, आवाज न करता स्वयंपाकघरात न्यायचं, कोपऱ्यात जिथे असायला हवं तिथे ठेवायचं. कोणी सांगितलं नव्हतं. स्टूल फळीखाली राहिलं तर धाकटी चढेल, आणि चढू नये म्हणून तर कात्री वर आहे ना? मग स्टूल तिथे राहणं चूक. जाग आल्यावर आई रिकाम्या जागेकडे बघायची आणि मग त्याच्याकडे. ती नजर. रागवायची नाही, काही म्हणायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पायाने स्टूल सरकवत न्यायची. पट्ट्या बांधताना तिने तेच पाहिलं होतं.

"सकाळी मंत्र्यांनी ज्या आईबद्दल सांगितलं," तो म्हणाला आणि त्याला आपला आवाज फार लहान वाटला, "ती माझी आई आहे." खोलीत कुजबुज झाली. "गोष्ट मीच सांगितली होती. अर्धी सांगितली. कात्री वर असायची हे खरं. पण रोज दुपारी त्या फळीखाली माझी आई एक स्टूल ठेवायची आणि झोपल्याचं सोंग घ्यायची. ज्याला कात्री हवी त्याने मागायची नव्हती. चढायचं होतं. माझी बहीण चढायची. ती मागे बसली आहे, तिची बोटं मोजून घ्या." कोणीतरी हसलं. तो हसला नाही. "मी चढलो नाही. मी ते स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवायचो. मला कोणी सांगितलं नव्हतं. आईने तर नाहीच. मला वाटायचं मी आईचा नियम पाळतोय, आणि मी तो मोडत होतो. तुमच्या कायद्यात फळी आहे, स्टूल नाही. आणि असतं तरी ते काढायला तुम्हाला माणसं नेमावी लागली नसती. माझ्यासारखी पुष्कळ आहेत. चांगल्या घरची, शिकलेली, स्वातंत्र्यावर भाषणं करणारी." तो टेबलापासून मागे सरकला. माइकचा दिवा चालूच होता.

"म्हणजे आपला विरोध आहे, असं लिहायचं ना?" अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून विचारलं. त्या त्याच्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होत्या.

"विरोध. हो."

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

तो बाहेर आला तेव्हा छातीत कित्येक वर्षांनी जागा झाल्यासारखं वाटत होतं. दाराशीच टाचणीने गाठलं. "काय बांधलंत सर! स्टूल! अंगावर काटा आला. आमचे एक अधिकारी घाबरलेच, म्हणाले हे उद्या सगळीकडे पोचणार. मी म्हटलं, काळजी करू नका, सरांची पद्धत मला माहीत आहे. उलटी बाजू मांडताना सर जीव ओततात. पण खरं मत कळायची खूण असते." आणि त्याने पेनाने, मायेनेच, सरांच्या छातीकडे दाखवलं.

त्याने खाली पाहिलं. राखाडी अस्तर. शिवणींचे कच्चे काठ. डाव्या बाजूला आतला खिसा बाहेर आलेला, त्यात त्याच्या मुद्द्यांचा कागद, सगळ्यांना दिसेल असा. मानेमागे हात नेला तर शिंप्याच्या दुकानाची पट्टी हाताला लागली. न्हाव्याच्या दुकानातून, रस्त्यावरून, त्या दोन मुलींसमोरून, अध्यक्षबाईंच्या पुढ्यात. तो गोष्ट ऐकून उठला होता आणि हातांनी त्या गोष्टीचा कोट चढवला होता. कित्येक वर्षांची सवय, हातांनी डोक्याला विचारलं नाही. त्याला ओरडावंसं वाटलं. "अरे, हे चुकून झालं," तो कसाबसा म्हणाला. "आज मी खरं बोललो. तू लिहून घे. आज खरं बोललो."

"पण सर, त्या दिवशी सुलटा होता तोही चुकूनच ना?" टाचणी म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, फिरकी घेत नव्हता. वर्गात घ्यायचा तशी शंका घेत होता. "मग दोन्हीतलं कुठलं धरायचं?" दोन्ही. त्याच्या मनात तेच उत्तर आलं. दोन्ही दिवस तो खरंच बोलला होता. त्याने कोट काढला. सुलटा करून घालावा म्हणून एक बाही ओढली, मग दुसरी, मग कुठली बाजू आतली ते त्याला क्षणभर कळेना. शेवटी त्याने तो बोळा तसाच टाचणीच्या फायलींवर ठेवला आणि शर्टावर जिन्याकडे निघाला. मागे टाचणी कोट हातात घेऊन उभा होता, तो फेकावा की घडी घालावी, अशा विचारात.

धाकटी जिन्यात थांबली होती. "मला वाटलं मुद्दाम घातलायस," ती म्हणाली. "तुझं ते नाटक." मग तिने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "स्टूल तू काढायचास?"

"हो."

वरून पुढच्या वक्त्याचा आवाज येत होता, माइक मध्येच किंचाळत होता. "मला वाटायचं आई काढते," ती म्हणाली. "एकदा ठेवते, एकदा काढते, माझा खेळ करते. केवढी चिडायचे मी तिच्यावर, दादा. शेवटपर्यंत चिडले होते थोडी." तिचे डोळे भरले होते, आणि त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण हाताला ते धाडस झालं नाही. ती नाक ओढून दोन पायऱ्या उतरली. "असू दे. आज गुरुवार आहे. कायदा व्हायचाय अजून. संध्याकाळी ये, मंचावर चढ आणि हे जे आत बोललास ते सगळं सांग. तिथे कोणी तुझा कोट बघत नाही."

"येतो," तो म्हणाला. मनापासून म्हणाला. त्या म्हाताऱ्यासारखं वर उभं राहावं, जमलं तर बोलावं, नाही तर बरं वाटलं म्हणून उतरावं, एवढंच त्याला या जगात हवं होतं. तो तिच्यामागे एक पायरी उतरला. "काय बोलायचं ते आधी लिहून तुला दाखवू का?" त्याने विचारलं.

बोलून झाल्यावर त्याला ते ऐकू आलं. धाकटी पुढच्या पायरीवर पाय टाकता टाकता थांबली. ती रागावली नाही, काही म्हणाली नाही. तिने मागे वळून त्याच्याकडे नुसतं पाहिलं, नेमकं आईसारखं.